साखळी आहे, पण ती करते काय?

फ्लूच्या लशीबद्दलचा एक संदेश पुन्हा फिरू लागलाय. हंगाम आला की तो येतोच, ‘जनहितार्थ पुढे पाठवा’ या शेपटासकट. दावे तीन: लस टोचली की फ्लू होतो, दरवर्षी नवी घ्यावी लागते म्हणजे जुनी फसली, आणि जागतिक आरोग्य संघटना, डॉक्टरांच्या संघटना, सरकारी खाती यांची ‘साखळी’ कंपन्यांच्या भल्यासाठी ती खपवते. माझं खरं भांडण तिसऱ्याशी आहे, पण क्रमाने घेऊ.

‘लशीनेच फ्लू होतो.’ टोचायच्या लशीत मारलेला विषाणू किंवा त्याचे तुकडे असतात. ते अंगात वाढूच शकत नाहीत. (नाकात फवारायच्या लशीतला विषाणू जिवंत असतो, पण दुबळा केलेला, फुफ्फुसाच्या उबेत त्याचं काही चालत नाही.) काही चाचण्यांत काहींना लस आणि काहींना नुसतं मिठाचं पाणी टोचलं, कुणाला काय मिळालं ते न सांगता. ताप, अंगदुखी, खोकला दोन्हीकडे सारखाच निघाला. लसवाल्यांचा दंड तेवढा जास्त दुखला, सुईची जागा लाल झाली. मग ‘मला तर झालाच’ म्हणणारे खोटं बोलतात का? नाही. संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, आणि लस दिली जाते ती नेमकी सर्दी-पडशाच्या दिवसांच्या तोंडावर.

‘दरवर्षी नवी, म्हणजे जुनी फसली.’ फसत नाही, विषाणू बदलतो. त्याच्या मागावर १९५२ पासून जागतिक आरोग्य संघटनेचं प्रयोगशाळांचं जाळं आहे. आज त्यात सुमारे १३० देशांतल्या दीडशेवर प्रयोगशाळा आहेत. उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत आणि दक्षिणेसाठी सप्टेंबरमध्ये लशीत काय घालायचं ते ठरतं. इतकं आधी, कारण बहुतेक लस अजूनही कोंबडीच्या फलित अंड्यांत वाढवतात आणि त्यात सहाएक महिने जातात. तेवढ्यात विषाणूने कूस बदलली की अंदाज चुकतो. २०१४-१५ मध्ये अमेरिकेत लशीचा उपयोग जेमतेम १९ टक्के निघाला. जुळणी चांगली साधलेल्या वर्षीही तो ४० ते ६० टक्क्यांच्या आसपासच असतो.

हे कुणी लपवलेलं नाही. उलट, शंका घ्यायचीच तर संदेश लिहिणाऱ्याने २०१८ चा कॉक्रेन आढावा (सगळ्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या स्वतंत्र संशोधकांचा) वाचायला हवा होता: धडधाकट प्रौढांत ७१ जणांना टोचावं तेव्हा एकाचा फ्लू टळतो. हा आकडा मला पटतो. पण नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्याचं गणित वेगळं असतं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अडीच हजारांवर प्रामुख्याने अशाच रुग्णांच्या चाचणीत वर्षभरातले मृत्यू, पुन्हा आलेले झटके आणि स्टेंटमधल्या (रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीतल्या) गुठळ्या मिळून प्रमाण ७.२ वरून ५.३ टक्क्यांवर आलं.

आता साखळी. ती आहे, आणि तिच्यात कंपन्याही आहेत. अमेरिकन मेडिकल असोसिएशन ही डॉक्टरांची संघटना आणि सीडीसी हे तिथलं सरकारी रोगनियंत्रण खातं यांनी मिळून चालवलेल्या फ्लूच्या लशीवरच्या राष्ट्रीय परिषदेत लस बनवणारेही बसत. प्रश्न आहे तो साखळीने केलं काय, याचा.

ऑक्टोबर २००४. लिव्हरपूलच्या एका कारखान्याचा परवाना ब्रिटिश नियामकांनी स्थगित केला आणि अमेरिकेची त्या हंगामाची जवळपास निम्मी लस, सुमारे ४.८ कोटी डोस, एका दिवसात गेली. त्यावर आरोग्य यंत्रणेने २ ते ६४ वयाच्या धडधाकट लोकांना सांगितलं, तुम्ही यंदा घेऊ नका. म्हातारी माणसं, तान्ही बाळं, गर्भवती, जुनाट आजारी आणि रुग्णांची देखभाल करणारे यांच्यासाठी ठेवा. माल खपवायला बसलेला माणूस दारात आलेलं गिऱ्हाईक असं परत पाठवत नाही.

दुसरं उदाहरण ताजं आहे. लशीत चार प्रकारचे विषाणू असत. त्यातला बी-यामागाता मार्च २०२० नंतर जगात खात्रीने कुठेच सापडला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो वगळायला सांगितलं आणि २०२४-२५ ला अमेरिकेतली सगळी लस तीनवर आली.

आणि पैसा? आमचे विषाणू न्यायचे आणि त्यापासून झालेली लस आम्हालाच परवडायची नाही, हे कसं, असा आक्षेप घेत इंडोनेशियाने २००७ मध्ये बर्ड फ्लूचे नमुने देणं थांबवलं होतं. आक्षेप रास्तच होता. त्यातून २०११ चा करार झाला: प्रयोगशाळांच्या त्या जाळ्याचा उपयोग करणाऱ्या कंपन्यांनी त्याच्या खर्चाच्या निम्म्याइतकी रक्कम दरवर्षी द्यायची.

संदेशाच्या तळाशी ‘लकवा’ असा एक शब्दही टाकलाय. १९७६ च्या स्वाइन फ्लू मोहिमेत गीयां-बारे या हातपाय लुळे पाडणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराचा धोका लाखात सुमारे एकाने वाढला, हे खरं. ते यंत्रणेच्याच नोंदींतून दिसलं आणि डिसेंबरमध्ये मोहीम थांबवली गेली.

राहता राहिलं लोकांना ‘भुलवणं’. २०२२-२३ मध्ये डेन्मार्कने पासष्टी ओलांडलेल्या ९,६४,८७० जणांवर नऊ तऱ्हेची सरकारी ई-पत्रं अजमावली. सात पत्रांनी काहीच फरक पडला नाही. एकात तेच पत्र दोनदा पाठवलं होतं, त्याने थोडा पडला. सगळ्यांत सरस ठरलं ते हृदयाला फायदा होऊ शकतो असं सांगणारं. पत्र न मिळालेल्यांत लसीकरण ८०.१२ टक्के होतं, हे पत्र मिळालेल्यांत ८१.००.