भाऊ, लाईट चालू शे!

चोपड्याहून यावलकडे गाडी काढली की समोरून येणारे दोन-तीन जण तरी हाताचा पंजा उघडझाप करून दाखवतात. चहाला थांबलो तर टपरीवरचं कुणीतरी हमखास सांगतं, "भाऊ, लाईट चालू शे!" काळजीनेच सांगतात, म्हणून आज सविस्तर लिहितोय. लाईट चुकून राहिलेला नाही, मी तो भर दुपारीही मुद्दाम लावतो.

मे महिना, दुपारचे साडेबारा. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर पुढे केळीने भरलेला ट्रक. समोर रस्ता मोकळा दिसला, हॉर्न दिला आणि ओव्हरटेकला निघालो. ट्रकच्या निम्म्यावर पोहोचलो तोच निंबाच्या सावलीतून राखाडी कार बाहेर आली. ती तिथे होतीच, मलाच दिसली नव्हती. ट्रकवाल्या दादांनी ब्रेक दाबून डावी चाकं साईडपट्टीवर उतरवली, म्हणून वाचलो. मागे आई बसली होती. मांडीवरची पिशवी तिने दोन्ही हातांनी जी आवळून धरली, ती फैजपूर येईपर्यंत सोडली नाही.

त्या कारचा नुसता डिपर, म्हणजे खाली झुकलेला हेडलाईट, चालू असता तरी मी ट्रकच्या मागेच थांबलो असतो.

लोक म्हणतात, एवढ्या लख्ख उन्हात लाईट कशाला? अहो, ऊन जेवढं कडक तेवढी झाडाखालची सावली काळी दिसते. त्यात तापलेल्या डांबरावरचं मृगजळ आणि गाड्यांवर आपल्या रस्त्यांची धूळ. दोन्ही गाड्या ताशी ८० ने असतील तर मधलं अंतर सेकंदाला ४४ मीटरने संपतं. हा लाईट आपल्याला दिसावं म्हणून नाही, समोरच्याला आपण दिसावं म्हणून आहे. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना इंजिनसोबतच लाईट लागतो, तो याचसाठी. स्वीडनमध्ये तर १९७७ पासून सगळ्याच गाड्यांना दिवसा लाईट सक्तीचा आहे. बॅटरीची चिंता नको, इंजिन चालू असलं की अल्टरनेटर ती भरत असतो.

फक्त डिपरवर ठेवा, अप्पर नको. आणि नव्या कारवाल्यांनो, पुढे आपोआप लागणाऱ्या पांढऱ्या पट्टीवर संध्याकाळी विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तेव्हा मागचे लाल दिवे बंदच असतात. परवा धरणगावजवळ अशीच एक कार पुढे होती. पुढून झगझगीत, मागून पूर्ण अंधार. गाठून काच खाली करायला सांगितली, तर त्या ताईंना मागचे दिवे बंद आहेत हे माहीतच नव्हतं.