थांब म्हटलं की थांबावं!

डीबगर म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुका, म्हणजेच बग, शोधायचं साधन. त्याचं काम सांगायला गेलं तर एका वाक्यात संपतं. चालत्या प्रोग्रॅमला म्हणायचं ‘थांब’, त्याचे खिसे तपासायचे आणि म्हणायचं ‘जा आता’. एवढंसं काम लिनक्स, विंडोज आणि मॅक या तिन्हींवर सारखं चालावं, या खटपटीत मी सध्या आहे. घरच्यांना वाटतं, मी काहीतरी बांधतोय. प्रत्यक्षात मी तीन वेगवेगळ्या सरकारांकडे एकाच परवानगीसाठी खेटे घालतोय.

मुळात थांबवायचं कसं? इंटेलच्या प्रोसेसरवर जिथे थांबायचं, तिथल्या सूचनेचा (प्रोसेसरला दिलेल्या आज्ञेचा) पहिला बाइट गुपचूप काढून घ्यायचा आणि तिथे ‘सीसी’ हा ‘इथे थांब’ अशा अर्थाचा बाइट ठेवायचा. प्रोसेसर त्याला अडखळतो, कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आम्हाला हाक मारतो. तोवर इन्स्ट्रक्शन पॉइंटर, म्हणजे पुढची सूचना कुठली हे दाखवणारं बोट, एक घर पुढे सरकलेला असतो. त्याला मागे ओढा, मूळ बाइट जागेवर ठेवा, प्रोग्रॅमला एकच पाऊल टाकू द्या, मग पुन्हा ‘सीसी’ पेरा. अशा पेरलेल्या थांब्याला ब्रेकपॉइंट म्हणतात. चोरी करून घर आवरून ठेवणाऱ्या चोराइतकी नजाकत यात लागते. आणि हे आवरणं चालू असतानाच एखादा दुसरा थ्रेड, म्हणजे त्याच प्रोग्रॅममधलं समांतर चालणारं काम, त्याच जागेवरून बिनबोभाट निघून जातो. ‘ब्रेकपॉइंट लावला होता, लागलाच नाही’ ही तक्रार बहुधा याच सद्गृहस्थामुळे येते. ६४ बिटच्या एआरएम प्रोसेसरवर सूचना चार बाइटची, आणि थांबल्यावर पॉइंटर जागचा हलत नाही. इंटेलच्या सवयीने त्याला एक घर मागे ओढलंत, तर सूचनेच्या मधोमध जाऊन पडाल.

आता सरकारांकडे वळू. लिनक्सवर सगळा कारभार पीट्रेस नावाच्या एकाच सिस्टिम कॉलकडे (कर्नलकडे काम मागायच्या खिडकीकडे), आणि निरोप बहुतेक वेळा एकच, सिगट्रॅप. ब्रेकपॉइंट लागला? सिगट्रॅप. एक पाऊल झालं? सिगट्रॅप. प्रोसेसने, म्हणजे चालत्या प्रोग्रॅमने, दुसराच प्रोग्रॅम चालवायला घेतला? सिगट्रॅप! नेमकं झालं काय, ते तुमचं तुम्ही शोधा.

विंडोज याच्या अगदी उलट, बोलघेवडं. प्रोसेस जन्मली, थ्रेड आला, डीएलएल (प्रोग्रॅमला जोडली जाणारी कोडची फाइल) लोड झाली, थ्रेड गेला, सगळ्याची वर्दी मिळते. प्रत्येक वर्दीला ‘कळलं, पुढे चालू द्या’ म्हणेपर्यंत प्रोग्रॅम जागचा हलत नाही. वर्दी ऐकायचा हक्क फक्त त्या थ्रेडला, ज्याने डीबगिंग सुरू केलं. शिवाय डीबगर कोसळला की ज्याला तो तपासत होता, तो प्रोग्रॅमही सोबत जातो. तसं नको असेल तर आधीच बजावून ठेवावं लागतं. ही निष्ठा मला जरा जास्तच वाटते.

मॅकवर मामला सहीचा. दुसऱ्या प्रोसेसमध्ये डोकवायचं तर डीबगरवर कोडसाइनिंगची, म्हणजे हा प्रोग्रॅम कुणाचा हे सांगणारी, सही हवी. ती आणायची कुठून? कीचेन नावाच्या मॅकच्या तिजोरीत मीच एक सर्टिफिकेट तयार करायचं, ‘हा माणूस विश्वासू आहे’ असं माझ्याबद्दल मीच लिहून द्यायचं आणि ते खरं मानावं असंही मीच मशीनला सांगायचं. मग पासवर्ड. एक ओळ बदलून प्रोग्रॅम पुन्हा तयार केला, म्हणजे नवा बिल्ड केला, की जुनी सही रद्द, पुन्हा सही. स्वतःच्या चारित्र्याचे इतके दाखले मी आयुष्यात कधी दिले नव्हते.

या सगळ्यातून डीबगर चालला, तरी त्यातही बग असतातच. ते शोधायला दुसरा डीबगर लावायचा. दोघेही त्याच बिल्डमधले, दोघांचा प्रॉम्प्ट (आज्ञेची वाट पाहत असल्याची खूण) एकच, आणि थांबवायला कंट्रोल-सी दाबलं की दचकायचं नेमकं कुणी, यावर एकमत नाही. जीडीबी हा डीबगर १९८६पासूनचा म्हातारा, त्याने हे भोगलेलं दिसतं. जीडीबीनेच जीडीबी तपासताना बाहेरच्याचा प्रॉम्प्ट ‘टॉप-जीडीबी’ असा बदलायची सोय त्याच्या घरात आहे. ज्याने केली त्याचे पाय धरावेत. मी दुपारभर आतल्याला आज्ञा देत होतो आणि निमूटपणे पाळत होता बाहेरचा.

वापरणाऱ्यांची तऱ्हा आणखी निराळी. परवा एकाने कळवलं, ‘तुमचा डीबगर भरकटलाय. बेचाळिसाव्या ओळीवरून एकोणचाळिसाव्यावर जातो, पुन्हा बेचाळिसाव्यावर येतो, आणि व्हेरिएबलची किंमत विचारली तर म्हणतो ऑप्टिमाइझ्ड आउट.’ कंपायलरने, म्हणजे कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमने, वेगासाठी ओळींची उलथापालथ केली आणि ते व्हेरिएबल अनावश्यक म्हणून उडवलं, हे मी त्यांना नीट समजावून सांगितलं. ऑप्टिमायझेशन बंद करून पुन्हा बिल्ड करा, म्हटलं, सगळं सरळ दिसेल.

संध्याकाळी उत्तर आलं, ‘बंद केलं. आता सगळं सरळ दिसतंय, पण बगच येत नाही. तो तुमच्या डीबगरने घालवला असेल, तर कृपया परत आणून द्यावा. उद्या तो साहेबांना दाखवायचाय.’