अनोळखी म्हणे! अहो, मेसेज मित्राच्याच खात्यावरून येतो

‘अनोळखी माणसाला उत्तर देऊ नका, अनोळखी लिंक उघडू नका.’ ज्येष्ठांना हे ऐकवून ऐकवून वाक्य पार गुळगुळीत झालंय, तरी जो तो तेच घोकून दाखवतो. अहो, इथे अनोळखी आहे कोण? मेसेज येतो चाळीस वर्षांच्या मैत्रिणीच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून. नाव तेच, फोटो तोच, आणि वर परवा तिनेच गुडघ्याबद्दल लिहिलेलं रडगाणंही जागच्या जागी. त्याच्या बरोबर खाली एक ओळ: ‘अगं, माझा कोड चुकून तुझ्या नंबरवर गेलाय, पटकन पाठव ना.’ यात संशय नेमका कशाचा घ्यायचा, ते या उपदेशकांनी एकदा सांगावंच.

प्रकार साधा आहे. मैत्रिणीचं खातं आधीच चोराच्या हातात गेलेलं असतं. आता तो स्वतःच्या फोनवर तुमचा नंबर टाकतो. अ‍ॅप ६ आकडी कोड तुमच्याकडे पाठवतं, कारण नंबर तुमचा आहे. तो कोड मैत्रिणीचा नसतोच, तुमच्याच घराची किल्ली असते. ती दिली की तुम्ही बाहेर, तो आत. पुढचं गिऱ्हाईक तुमच्या यादीतलं. ‘चुकून दुसऱ्याच्या नंबरवर गेलेला कोड’ अशी भानगड नसते, एवढं एकच वाक्य नीट सांगितलं असतं तरी निम्मे लोक वाचले असते. पण नाही, आम्ही लिंकच्या गप्पा मारणार!

यावर कुलूप आहे. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये सेटिंग्ज, अकाउंट, टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे कोडच्या जोडीला तुम्ही स्वतः ठरवलेला ६ आकडी पिन. दोन मिनिटांचं काम. आणि ते करून देणारी हुशार मुलंनातवंडं काय करतात? स्वतःच्या मनाने पिन टाकतात आणि निघून जातात. अ‍ॅप अधूनमधून पिन विचारतं. आजोबांना वाटतं हीच फसवणूक, किंवा फोन बिघडला. पिन त्यांनाच ठरवू द्या, सोबत त्यांचा चालू ईमेल जोडा, आणि खुशाल वहीत लिहून ठेवा. हा चोर वही चोरायला घरी येत नाही.

खातं गेलंच, तर ‘रविवारी कुणी आलं की बघू’ हे तर डोकंच फिरवतं. त्याच क्षणी अ‍ॅपमध्ये आपला नंबर टाकून एसएमएसने येणारा नवा कोड भरायचा. चोर तिथल्या तिथे बाहेर फेकला जातो. त्याने स्वतःचा पिन लावून ठेवला असेल तर तुम्हाला आत जायला ७ दिवस थांबावं लागतं, पण तोही आत राहत नाही. हे माहीत नसल्याने लोक पिनचा चौकोन बघून हात टेकतात. आत गेल्यावर लिंक्ड डिव्हायसेस, म्हणजे खातं आणखी कुठे उघडं आहे ती यादी, उघडून अनोळखी उपकरण काढून टाकायचं.

‘खात्री करून घ्या’ हा आणखी एक पोकळ सल्ला. कशी? त्याच चॅटमध्ये ‘तूच आहेस ना?’ विचारून? चोर ‘हो’च म्हणणार! साधा फोन लावायचा, तोही वहीतल्या जुन्या नंबरवर, मेसेजमध्ये दिलेल्या ‘नव्या’ नंबरवर नाही. त्यातही मेख आहे. ‘हा नंबर डायल कर’ म्हणून चोराने मैत्रिणीला * किंवा # असलेला कोड दाबायला लावला असेल, तर तिचे कॉल परस्पर चोराकडे वळू शकतात. तिच्या फोनवरून *#२१# लावून सगळे कॉल वळवलेत का ते बघता येतं, बहुतेक नेटवर्कवर ##००२# ने सगळं वळवणं रद्द होतं. आणि आवाज ओळखीचा वाटला म्हणून निर्धास्त होऊ नका, काही सेकंदांच्या रेकॉर्डिंगवरून आवाजाची नक्कल होते. असं काही विचारा जे फेसबुकवर कुठेच नाही.

फेसबुकची तर वेगळीच करमणूक. ‘माझं अकाउंट हॅक झालंय, रिक्वेस्ट स्वीकारू नका’ असं लिहून सगळे पासवर्ड बदलत बसतात. अहो, हॅक नाही झालं! कुणीतरी तुमचा फोटो उचलून शेजारी दुसरं खातं थाटलंय. पासवर्ड बदलून त्याच्या केसालाही धक्का लागत नाही. त्या खोट्या प्रोफाइलवरचे तीन ठिपके दाबून तक्रार करा, मित्रांनाही करायला लावा, आणि स्वतःची मित्रयादी ‘फक्त मी’वर ठेवा. ती यादी उघडी असते म्हणूनच त्याला कळतं कुणाकुणाला गाठायचं.

सगळ्यात जास्त चीड मात्र घरच्यांची येते. ‘एवढंही कळलं नाही?’ असं एकदा बोललात, की पुढच्या वेळी आई दोन दिवस तोंड उघडत नाही. तोवर चोराने मैत्रिणीच्या नावाने मागून घेतलेले पैसे तीन खात्यांतून फिरून गेलेले असतात. पहिल्या तासात बँकेला कळवलं तर रक्कम अडवली जाण्याची थोडी तरी शक्यता असते. त्याने पैशांऐवजी गिफ्ट कार्ड मागितलं आणि त्याचा नंबर खरवडून फोटो पाठवला असेल तर कार्ड आणि पावती हातात धरून कार्ड कंपनीला लगेच फोन, कारण ते काही मिनिटांत रिकामं होतं. आणि आपण त्याच वेळी काय करत असतो? तिच्यासमोर कमरेवर हात ठेवून व्याख्यान देत असतो.