तामारबद्दल पण लिहा ना
अमेरिकेतली कॅथोलिक पत्रकार आणि समाजसेविका डोरोथी डे हिच्यावरचा तुमचा लेख आवडला, पण तिची मुलगी तामार एका ओळीत उरकलीत ते खटकलं. १९२६ ला तामार झाली, तिच्या बाप्तिस्म्यापासूनच तर आईची वाट बदलली, ती कॅथोलिक झाली, आणि १ मे १९३३ ला न्यूयॉर्कमध्ये डोरोथीचा एक सेंटचा पेपर 'कॅथोलिक वर्कर' निघाला तेव्हा पोर जेमतेम सात वर्षांची, म्हणजे लिखाण, भुकेल्यांचं जेवण, लेकरू सगळं एकदमच. मी बोरिवलीची ईस्ट इंडियन (मुंबईतले मूळचे मराठी बोलणारे ख्रिस्ती), दोन पोरं, रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर विन्सेंट डी पॉल या गरिबांना मदत करणाऱ्या चर्चच्या संस्थेतल्या लोकांबरोबर रेशन द्यायला जाते, लिहिते ती पोरं झोपल्यावर किचनच्या ओट्यावर. लोक म्हणतात आधी पोरं बघ. अहो पोरांमुळेच तर दुसऱ्याच्या घरातलं रिकामं पातेलं दिसायला लागलं मला!