आधी चित्रं, मग भिंतीचा रंग

उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी ती आली. आमच्या समूह प्रदर्शनातल्या अकरा जणांत वयानं सगळ्यात लहान. प्रदर्शनाचा विषय होता 'झोप'. भिंती गडद निळ्या रंगवल्या होत्या, छतातून निळसर मंद उजेड सोडला होता, कोपऱ्यातल्या स्पीकरमधून कुणाच्या तरी संथ श्वासांचा आवाज येत होता. आत पाऊल टाकणारा प्रत्येक जण "काय वातावरण केलंय!" म्हणत होता आणि मी सुखावत होते. ती काहीच म्हणाली नाही. तिचं चित्र पेन्सिलीतलं, वहीच्या पानाएवढं. डोकं उचलल्यावर उशीत मागे राहिलेला खळगा, एवढंच त्यात होतं. तिनं पर्समधून मोबाइल काढला, टॉर्च लावला आणि स्वतःचं चित्र टॉर्चच्या उजेडात शोधून पाहिलं. मग हळूच म्हणाली, "ताई, दिसत नाहीये."

खरंच दिसत नव्हतं. त्या खळग्याचा सगळा जीव राखाडीच्या पाच-सहा छटांत होता. कागदाचा पांढरेपणा कुठं संपतो आणि कापडाची सावली कुठं सुरू होते, हे तिनं कित्येक दिवस खपून आणलं होतं. निळ्या उजेडात कागद निळा, सावली निळी, भिंतही निळी. मी वातावरण उभं केलं होतं आणि त्यात चित्र बुडवलं होतं.

या गोष्टीला काही वर्षं झाली. त्यानंतर क्युरेटर म्हणून, म्हणजे कामं निवडणारी आणि मांडणारी म्हणून, मी बरीच समूह प्रदर्शनं लावली, त्याहून जास्त पाहिली. हल्ली 'इमर्सिव्ह', म्हणजे प्रेक्षकाला वातावरणात बुडवून टाकणारं, हा शब्द दर दुसऱ्या आमंत्रणपत्रिकेवर असतो, म्हणून हे सविस्तर लिहावंसं वाटलं. मला असा अनुभव देणारी प्रदर्शनं मनापासून आवडतात. पण समूह प्रदर्शनात वातावरण सगळ्यात शेवटी ठरायला हवं. बहुतेक ठिकाणी ते सगळ्यात आधी ठरतं आणि कलाकृती नंतर त्यात बसवल्या जातात. माझी तक्रार एवढीच आहे.

प्रेक्षकाला चहूबाजूंनी वेढून टाकायची हौस प्रोजेक्टरच्या फार आधीची. चित्रकार रॉबर्ट बार्करनं पॅनोरामाचं पेटंट 1787 साली घेतलं. गोल इमारत, आतून सगळीकडे एकच सलग चित्र, मधोमध प्रेक्षकांसाठी चौथरा. चित्राची वरची आणि खालची कड दिसू नये अशी सोय केलेली असे आणि चौथऱ्यावर जायची वाट अंधारी असे. मला त्या अंधाऱ्या वाटेचं फार कौतुक वाटतं. बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना विसरायला वेळ लागतो, हे त्या माणसांना कळलं होतं. आज आपण दार उघडलं की थेट झगमगाटात ढकलतो.

समूह प्रदर्शनापुरतं बोलायचं तर 1938 सालचं पॅरिसमधलं सररिअलिस्टांचं, म्हणजे स्वप्नं आणि अबोध मन यांतून कला घडवणाऱ्यांचं, प्रदर्शन या सगळ्याचं आजोळ म्हणता येईल. कलाकार मार्सेल द्युशाँनं छताला कोळशाची 1200 पोती लटकवली, खाली शेगडी ठेवली. जमिनीवर वाळलेली पानं, कोपऱ्यांत पलंग, हवेत भाजलेल्या कॉफीचा वास. दालन जवळजवळ काळोखं, म्हणून उद्घाटनाला आलेल्यांच्या हातात टॉर्च दिले होते. हे मी अनेकदा वाचलं होतं, पण त्या मुलीनं मोबाइलचा टॉर्च लावेपर्यंत त्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला नव्हता. तिथं टॉर्च हा योजनेचाच भाग होता. चित्र शोधायचं काम प्रेक्षकाचं होतं, आणि शोधून बघितलेलं चित्र माणूस सहसा विसरत नाही. माझ्या दालनात मात्र टॉर्च काढायची वेळ कलाकारावरच आली.

द्युशाँचंही सगळंच मला पटतं असं नाही. 1942 साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात त्यानं दालनभर दोऱ्याचं जाळं विणलं, इतकं की चित्रांपर्यंत नजर पोचणं अवघड झालं. त्याची ती कृती आज प्रत्येक इतिहासात आहे. त्या दोऱ्यांमागे चित्रं कोणती होती, हे किती जणांना सांगता येईल? मलाही थोडीच आठवतात. त्याच वर्षी, त्याच शहरात, वास्तुकार फ्रेडरिक कीसलरनं कलासंग्राहक पेगी गुगेनहाइमसाठी गॅलरी घडवली. वाकलेल्या भिंती, त्यातून पुढे आलेले लाकडी दांडे आणि त्यांवर बिनफ्रेमची चित्रं, इतकी जवळ की आपण हवेत त्यांच्यासोबत उभे आहोत असं वाटावं. दिवे आळीपाळीनं लागत-विझत. लोक वैतागले. चित्र बघायला लागावं तर दिवा जायचा. शेवटी ती उघडझाप बंद करावी लागली. दांडे राहिले. बरोबर तेच राहिलं, कारण दांडे चित्राला पुढे आणत होते आणि उघडझाप स्वतःकडे बघायला लावत होती.

दानिएल ब्यूरेन या कलाकारानं 1972 सालच्या डॉक्युमेंटात, म्हणजे जर्मनीतल्या कासेल शहरात दर काही वर्षांनी भरणाऱ्या मोठ्या कलाप्रदर्शनात, तिथल्याच कॅटलॉगमध्ये, क्युरेटरवर थेट बोट ठेवलं होतं. त्याचा मुद्दा साधारण असा: आता कलाकृतींचं प्रदर्शन भरत नाही, प्रदर्शनाचंच प्रदर्शन भरतं, आणि आमची कामं क्युरेटरच्या मोठ्या चित्रातले रंगाचे ठिपके होऊन बसतात. पन्नासहून अधिक वर्षं झाली. प्रत्येक नवीन प्रदर्शनाचा आराखडा काढताना मी ते आठवते आणि दरवेळी ते मला लागतं.

आता विषयाबद्दल. 'स्मृती', 'प्रवास', 'अस्तित्व' असले विषय घेऊ नका, असं मी नवीन क्युरेटरांना कळकळीनं सांगते. त्यात काहीही बसतं. ज्या विषयामुळे एकही चांगलं काम नाकारावं लागत नाही, तो विषय नसतो, ती गोणी असते. 'झोप' हा त्या मानानं बरा विषय होता. पण कामं यायला लागली तशी मला एक गोष्ट दिसायला हवी होती. एका चित्रकारानं रात्रपाळीच्या नर्सचे हात काढले होते. एकीनं तान्ह्या बाळाला थोपटताना रात्री-अपरात्री सुचलेले शब्द कापडावर टाचले होते. एकाचं ध्वनिकाम पहारेकऱ्याच्या पावलांचं होतं. उशीतला खळगासुद्धा उठून गेलेल्या माणसाचाच. अकरांपैकी सात कामं जागं राहणाऱ्यांबद्दल होती! प्रदर्शनाचं खरं नाव 'जाग' होतं. अंधाऱ्या घराबाहेरून जाताना आत कुणीतरी जागं असल्याची जी चाहूल लागते, ती जाग. कामं मला ते ओरडून सांगत होती, पण तोवर पत्रिका छापून झाल्या होत्या, भिंती रंगवून झाल्या होत्या आणि श्वासांचा आवाज रेकॉर्ड झाला होता. त्या श्वासांखाली पहारेकऱ्याची पावलं ऐकूच येत नव्हती, हे वेगळं सांगायला नको.

आवाज हा समूह प्रदर्शनातला सगळ्यात आक्रमक शेजारी. चित्राकडे पाठ फिरवता येते, आवाजाकडे नाही. दोन ध्वनिकामं एका दालनात असतील तर त्या दोन कलाकारांना एकत्र बसवून, दोन्ही एकदम लावून, आधीच ऐकवावं. हेडफोन, जाड पडदे, आळीपाळीचं वेळापत्रक, त्यांनाच काय ते ठरवू द्यावं. आणि सगळ्या दालनभर पार्श्वसंगीत सोडायचा मोह आवरावा. ते लागलं की प्रत्येक काम त्या संगीताची चित्रफीत होऊन जातं.

उजेडाचं थोडं तांत्रिक सांगते, कारण इथं गैरसमज फार आहेत. मंद उजेड हा शत्रू नाही. कागदावरच्या कामांना तर साधारण 50 लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) वर उजेड द्यायचाच नाही असा संग्रहालयांचा दंडक आहे, नाहीतर रंग उडतात, कागद पिवळा पडतो. भोवताली अंधार असेल आणि डोळे सरावले असतील तर 50 लक्स पुरतात. प्रश्न रंगीत उजेडाचा आणि त्याच्या दिशेचा असतो. त्या रात्री आम्ही तिच्या कोपऱ्यातले निळे दिवे काढले, एक पांढऱ्या उजेडाचा अरुंद झोताचा दिवा बाजूनं तिरका लावला, आणि उशी भिंतीतून वर आली. दहा मिनिटांचं काम होतं. तिच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मी विसरणार नाही, आणि तिनं विचारायचं धाडस केलं नसतं तर काय झालं असतं हेही.

एक कटू गोष्ट लिहायचीच आहे. एका आयोजकांनी मला भल्यामोठ्या 'अनुभव-प्रदर्शना'चं काम दिलं होतं. प्रोजेक्टर, सेट, धूर सोडायचं यंत्र, सगळ्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद होती. कलाकारांच्या मानधनाची ओळच नव्हती. विचारलं तर उत्तर आलं की त्यांना प्रसिद्धी मिळेलच. प्रत्यक्षात फोटो हजारोंनी फिरले आणि एकाखालीही कलाकाराचं नाव नव्हतं, कारण अंधारात लेबलं वाचता येत नव्हती. तेव्हापासून मानधनाची ओळ पहिली लिहिल्याशिवाय मी काम घेत नाही, आणि लेबलासाठी वेगळा छोटा दिवा मागून घेते. प्रकाशयोजनाकार कुरकुरतात. कुरकुरू देत.

आणि कृपा करून बाकं ठेवा. ज्या प्रदर्शनात बसायला जागा नाही, तिथं माणूस वेढला जात नाही, पुढे ढकलला जातो. त्या 'झोप'मध्ये आम्ही शेवटच्या क्षणी एक साधी खुर्ची उशीच्या चित्रासमोर ठेवली होती. तिसऱ्या दिवशी एक वयस्कर गृहस्थ त्या खुर्चीवर येऊन बसले ते दालन बंद व्हायच्या वेळेपर्यंत. काही विचारलं नाही, फोटो काढला नाही. उठताना मात्र खुर्ची नीट सरळ करून ठेवली, जशी होती तशी.

सध्या नव्या समूह प्रदर्शनाची तयारी चालू आहे. नऊ कलाकार आहेत, सहा जणांची कामं आली आहेत, ती कार्यशाळेच्या साध्या पांढऱ्या भिंतीला टेकवून ठेवली आहेत. रोज सकाळी जाऊन त्यांची जागा बदलते, दोन-दोन शेजारी ठेवून बघते, कोण कुणाला गिळतंय, कोण कुणामुळे उजळतंय. विषयाचं नाव पेन्सिलीनं लिहिलंय, दोनदा खोडून झालंय. रंगारी काल परत फोन करून विचारत होते, भिंतींना कोणता रंग. त्यांना म्हटलं, अजून तीन चित्रं यायची आहेत.