ग्लाम्सच्या गढीत डंकनचा खून झालाच नव्हता

स्कॉटलंडमधल्या ग्लाम्स गढीचा (स्पेलिंग बघून आपण ग्लॅमिस म्हणतो) फोटो लावलेला एक मेसेज ग्रुपाग्रुपांत फिरतोय. दावे चार: मॅकबेथने डंकन राजाला इथे मारलं, गढीच्या मालकिणीला चेटकीण म्हणून जाळलं, एक विद्रूप वारस इथल्या चोरखोलीत जन्मभर कोंडला होता, आणि राणी एलिझाबेथ इथेच जन्मली.

डंकनपासून सुरुवात करू. शेक्सपिअरने मॅकबेथला ग्लाम्सचा सरदार केलं खरं, पण त्याच्या नाटकातही खून होतो तो इन्व्हर्नेसच्या गढीत. म्हणजे इतिहास राहू द्या, नाटकही कुणी उघडलेलं नाही. खरा डंकन १०४० मध्ये एल्गिनजवळ मॅकबेथशी झालेल्या लढाईत पडला. मॅकबेथने पुढे १७ वर्षं राज्य केलं, मध्ये रोमची यात्राही करून आला. ग्लाम्सला वारला असं ज्याच्याबद्दल सांगतात तो राजा वेगळाच: दुसरा माल्कम, १०३४ मध्ये. तो डंकनच्या आईचा बाप. आजोबाचं मरण नातवाच्या नावावर चढलं असावं. शिवाय फोटोतली गढी तेव्हा उभीच नव्हती. लायन घराण्याला ही जागा मिळाली १३७२ मध्ये, आणि तिचं आजचं रूप बरंचसं सतराव्या शतकातलं.

गढीची मालकीण जॅनेट डग्लस हिला १५३७ मध्ये एडिंबरात जिवंत जाळलं, हे मात्र खरं. पण आरोप चेटकाचा नव्हता, राजद्रोहाचा होता: स्कॉटलंडचा राजा पाचवा जेम्स याच्यावर विषप्रयोगाचा कट. मूळ दुखणं घरातलंच. तिचा भाऊ, अँगसचा अर्ल, हा जेम्सचा सावत्र बाप; त्याने पोरसवदा राजाला जवळपास कैदेत ठेवलं होतं. राजा सुटला, भाऊ इंग्लंडला पळाला, बहीण हाती लागली. राजाने गढी जप्त केली आणि स्वतः तिथे मुक्काम ठोकला. चेटकाची फोडणी दिली की जप्तीचा हा हिशेब झाकला जातो, म्हणून ती थाप मला जास्त खुपते.

चोरखोलीतल्या वारसाबद्दल कागदावर आहे ती एक ओळ: थॉमस, २१ ऑक्टोबर १८२१, जन्म आणि मृत्यू त्याच दिवशी. बाकी सगळी पाहुण्यांच्या जेवणानंतरची गप्पाष्टकं.

राहिली राणी. दुसरी एलिझाबेथ १९२६ मध्ये लंडनमध्ये जन्मली. ग्लाम्सला जन्मली ती तिची धाकटी बहीण मार्गारेट, १९३० मध्ये. हे त्यांच्या आईचं माहेर.