‘आजच बंद करा’ हे सर्वांत घातक वाक्य

नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : ‘डिप्रेशनच्या गोळ्या म्हणजे गुंगीचं औषध. सवय लागते, आत्महत्येचे विचार येतात, फायदा शून्य. आजच बंद करा.’ माझ्या आत्याने तो वाचून गोळी बंद केली. तिसऱ्या दिवशी तिला गरगरायला लागलं, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके येऊ लागले.

गुंगी आणि सवय : इथे दोन औषधांची गल्लत आहे. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन ही डिप्रेशनची औषधं. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम ही घबराटीची, झोपेची. सवय लागते ती यांची. आपल्याकडे एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीतही मिळतात, मग एकाचं खापर दुसऱ्यावर फुटतं. पाकिटावरची नावं वाचा.

मग आत्याला झालं ते काय? डिप्रेशनच्या गोळीची तलफ येत नाही. पण शरीर तिला सरावलेलं असतं, ती एकदम थांबली की त्रास होतो. पॅरॉक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन सोडताना जास्त. फ्लुऑक्सेटिन शरीरात बरेच दिवस रेंगाळतं, म्हणून कमी. डोस हळूहळू उतरवावा लागतो, काहींना त्यात महिने जातात. हे पहिल्याच भेटीत सांगायला हवं. आत्याला कुणी सांगितलं नव्हतं, याचा मला राग आहे.

आत्महत्येचे विचार : हे निव्वळ खोटं नाही. २००४ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने मुलं आणि किशोरवयीनांसाठी ठळक इशारा छापायला लावला. २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू झाला. मुलांवरच्या चाचण्यांत असे विचार किंवा तसं वागणं औषध घेणाऱ्या शंभरांत सुमारे चौघांत दिसलं, नकली गोळी (तुलनेसाठी दिलेली, औषध नसलेली) घेणाऱ्यांत दोघांत. आत्महत्या एकही झाली नव्हती. पासष्टीपुढच्यांत धोका उलट घटलेला दिसला. म्हणून तरुण मुलाची गोळी सुरू झाली किंवा डोस बदलला, की पहिले काही आठवडे घरच्यांनी जवळ राहायचं. बेचैनी वाढली, झोप उडाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

फायदा शून्य? २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ५२२ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास आला, १ लाख १६ हजारांवर रुग्णांचा. त्यात तपासलेली डिप्रेशनची एकवीसही औषधं नकली गोळीपेक्षा सरस ठरली. फरक मात्र बेताचाच.

आणि जे लिहायला हवं होतं ते मेसेजमध्ये नाहीच. सुरुवातीची मळमळ बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरते. लैंगिक इच्छा मंदावणं टिकू शकतं, आणि लाजेपायी कुणी बोलत नाही. वृद्धांत रक्तातलं सोडियम उतरू शकतं. सोबत आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकं घेतली तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. आत्या गुडघेदुखीसाठी तीच घेत होती. आता गोळी पुन्हा सुरू झाली आहे, वेदनाशामक बदललंय आणि सोडियमची तपासणी सोमवारी आहे.